मातीवांचून भाजी : ओसरीवरील पहिली पेटी

गेल्या कांहीं महिन्यांत मंडळाच्या सभासदांशीं बोलतांना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला गेला. "मातीवांचून, केवळ पाण्यावर भाजीपाला पिकवितां येतो असें ऐकतों, त्यांत तथ्य किती? आणि ज्याच्याजवळ स्वतःची जमीन आहे त्यानें त्या वाटेस जावें कीं नाहीं?" ऐकीव माहितीवर उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. शिवाय तोच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत, आणि तोही अधिक अडचणीच्या स्वरूपांत, येऊन उभा राहिला होता. म्हणून एक हंगाम स्वतः प्रयोग करून, त्यांत जें साधलें व जें फसलें तें दोन्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें शिवार माणगंगेच्या खोऱ्यांत, पावसाचा भरंवसा नसलेल्या पट्ट्यांत आहे. जमीन हलकी व मुरमाड. विहीर माघ सरतां सरतां तळ दाखविते. आमचा पुतण्या कांहीं वर्षें पुण्यास नोकरी करून गांवीं परतला तो ही नवी कल्पना घेऊनच. दहा गुंठ्यांवर आच्छादित गृह, त्यांत नळ्यांच्या रांगा, पंप, टाक्या, थंडाव्याची सोय असें एका विक्रेत्यानें करून दिलेलें अंदाजपत्रक त्यानें आमच्यापुढें ठेवलें. त्यासाठीं विहिरीलगतच्या दोन एकरांच्या सातबारावर कर्जाचा बोजा चढवावा लागणार होता. ते दोन एकर म्हणजे आमच्या घराची भाकरी. तथापि मुलाचें बोलणें अगदींच गैर नव्हतें. "काका, बोअर आणखी खोल नेण्यांत आपण दोनदां पैसा घातला. जें पाणी उरलें आहे तें पुरवून वापरण्यांत घालावयास काय हरकत आहे?" असें तो म्हणाला. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, "कागदावर सही करण्यापूर्वीं एक हंगाम ओसरीवर पेटी चालवून दाखव. ती साधली म्हणजे पुढचें बोलूं."

ही विद्या नवी नाहीं

पाण्यावर झाड वाढविण्याचा उद्योग कालपरवांचा नव्हे. इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत वाढवून आपले निष्कर्ष १६९९ सालीं प्रसिद्ध केले. स्वच्छ पाण्यापेक्षां माती कालवलेल्या पाण्यांत रोपें अधिक वाढलीं, यावरून झाडाचें पोषण केवळ पाण्यानें होत नसून पाण्याबरोबर मातींतील कांहीं द्रव्यें त्यास मिळावीं लागतात, हें त्यानें ताडलें. पुढें १८६० च्या सुमारास जर्मनींत यूलिउस झाक्स व विल्हेल्म क्नॉप या शास्त्रज्ञांनीं तीं द्रव्यें कोणतीं याचा शोध घेऊन, मोजके क्षार विरघळविलेल्या पाण्यांत झाडें वाढवून दाखविलीं. म्हणजे आरंभीं ही पद्धति पीक काढण्यासाठीं नव्हतीच. झाड मातींतून काय घेतें हें जाणण्याची ती एक युक्ति होती.

तिला शेतीचें रूप देण्याचा प्रयत्न अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनीं १९२९ पासून केला, व १९३७ मध्यें 'हायड्रोपोनिक्स' हें नांव रूढ केलें. वृत्तपत्रांनीं त्याचा इतका गाजावाजा केला कीं, आतां शेताची गरजच उरली नाहीं असें लोकांस वाटूं लागलें. तेव्हां त्याच विद्यापीठांतील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनीं चौकशी करून १९३८ सालीं एक पत्रक काढलें. प्रकाश व हवामान सारखें असेल, तर पाण्यावरील पीक चांगल्या मातींतील पिकापेक्षां मुळांतच अधिक येतें असें नाहीं, हा त्यांच्या चौकशीचा सारांश होता. ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जाहिरात वाचतांना हें वाक्य जवळ ठेवण्यासारखें आहे.

आपल्या देशांतही ही विद्या स्वातंत्र्याच्या आधींच येऊन पोंचली होती. बंगाल प्रांतांतील कालिंपाँग येथें जे. शोल्टो डग्लस यांनीं १९४६ च्या सुमारास प्रयोग आरंभिले. पंप व यंत्रें यांवांचून, खडी व वाळू यांच्या थरावर क्षारांचें मिश्रण टाकून वर पाणी द्यावयाचें, अशी साध्या घरांस परवडणारी रीत त्यांनीं बसविली; ती 'बंगाल पद्धति' या नांवानें ओळखली जाते. घरच्या प्रयोगास मोठें भांडवल लागतेंच असें नाहीं, हें त्यावरून दिसून येईल.

माती आपल्यासाठीं काय करते

मातीवांचून पीक काढावयाचें म्हणजे मातीचीं सर्व कामें आपल्या शिरावर घेणें होय. म्हणून तीं कामें कोणतीं, याची नोंद प्रथम केली पाहिजे. पहिलें काम आधाराचें. तें सर्वांस दिसतें. दुसरें, पाणी धरून ठेवून तें थोडें थोडें देण्याचें. तिसरें, मुळांस हवा पुरविण्याचें. कणांकणांमधील पोकळींतून मुळें श्वास घेतात. चौथें अन्न सांठविण्याचें. चिकणमातीचे कण व कुजलेलें सेंद्रिय द्रव्य चुना, पालाश, अमोनिया यांस धरून ठेवतात व मुळांस मागणीप्रमाणें देतात.

पांचवें काम आपल्या लक्षांतच येत नाहीं. तें म्हणजे आपल्या चुका पोटांत घालण्याचें. काळ्या रानांत मूठभर खत अधिक पडलें, पाण्याची पाळी चार दिवस चुकली, तरी पीक बहुधा तरून जातें. आपण युरिया टाकतों. त्याचें मुळांस सोसेल असें रूपांतर मातींतील सूक्ष्म जीव करून देतात, आणि त्याचें श्रेय आपण घेतों. पेटींतील पाण्याच्या अंगीं ही क्षमा नाहीं. तेथें चूक केली कीं तिचें फळ दोनचार दिवसांत पानावर उमटतें.

पहिल्या प्रयोगास कोणती रीत घ्यावी

पाण्यावरील शेतीच्या रीती अनेक आहेत. विक्रेते बहुधा नळ्यांची रीत दाखवितात. तींत उतरत्या नळींतून अन्नयुक्त पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो. इंग्लंडांत अॅलन कूपर यांनीं ती बसविली. ती सुबक आहे खरी, पण पंप बंद पडला कीं नळींत सांठा कांहींच नसतो, आणि ऐन उन्हांत कांहीं तासांतच मुळें सुकूं लागतात. ज्या गांवीं विजेची पाळी रात्रीं येते, तेथें पहिल्या वर्षीं ही रीत घेणें म्हणजे पोहणें शिकण्यासाठीं पुरांत उडी घेण्यासारखें आहे.

आम्हीं निवडली ती स्थिर पाण्याची रीत होय. हवाई विद्यापीठाचे बी. ए. क्रॅटकी यांनीं ती अभ्यासून प्रसिद्ध केली असून त्यांच्याच नांवानें ती ओळखली जाते. तींत पंप नाहीं, वीज नाहीं. बंद पेटींत अन्नयुक्त पाणी एकदांच भरावयाचें, झांकणाच्या भोंकांतून जाळीदार पेल्यांत रोपें बसवावयाचीं, व आरंभीं पेल्याचें बूड पाण्यास जेमतेम टेंकेल इतकीच पातळी ठेवावयाची. रोप पाणी पितें तसतशी पातळी खालीं जाते. झांकण व पाणी यांमध्यें जी दमट पोकळी उत्पन्न होते तींत वरचीं मुळें हवा घेऊं लागतात, आणि खालचीं मुळें पाणी व अन्न घेतात. या पद्धतीचें सारें मर्म त्या पोकळींत आहे. हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. त्याचा अर्थ मात्र नुकसान सोसल्यावर कळला.

पेटीची सिद्धता

औषधांच्या बांधणींत येणाऱ्या थर्मोकोलच्या दोन पेट्या आम्हीं घेतल्या. प्रत्येकीची आंतील लांबी ५० सेंटिमीटर, रुंदी ३५ व खोली २५. पेटी झिरपूं नये व आंत उजेड शिरूं नये म्हणून आंतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरला. उजेडाविषयीं हयगय करूं नये. पाण्यावर प्रकाश पडला कीं शेवाळ धरतें, व तें अन्न आणि प्राणवायु दोन्हींत वांटा घेतें. झांकणास पांच सेंटिमीटर व्यासाचीं सहा भोंकें पाडलीं. भोंकाभोंवतीं फट राहूं देऊं नये, नाहीं तर आंत डांसांची वीण होते. तुंबलेलें पाणी घरांत ठेवणाऱ्यानें ही गोष्ट प्रथम पाहिली पाहिजे. पेटी अशा जागीं ठेवावी कीं सकाळचें चार-पांच तास ऊन मिळेल, दुपारीं सावली राहील, आणि पावसाचें पाणी आंत जाणार नाहीं.

रोपें धुतलेल्या नारळाच्या भुशांत करावीं. भुसा दोन-तीन पाण्यांनीं न धुतल्यास त्यांतील क्षार कोवळ्या मुळांस बाधतात. पालकाचें बीं थेट पेल्यांत टोकलें. लेट्यूस नांवाची जी सालाडाची पालेभाजी शहरांत खपते, तिचीं रोपें वेगळीं वाढवून तीन-चार पानांवर आल्यावर बसविलीं. नवशिक्यानें अशाच पालेभाज्या घ्याव्या. टोमॅटो, काकडी हीं फळपिकें अन्न व पाणी पुष्कळ मागतात. पहिल्या खेपेस त्यांच्या नादीं लागूं नये.

पाणी व अन्न

भांडवल नसलें तरी चालेल, पण पाण्याची परीक्षा केल्यावांचून आरंभ करूं नये. आमच्या विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता १.१ डेसीसीमेन भरली. म्हणजे खत घालण्यापूर्वींच त्यांत चुना, मॅग्नेशियम व इतर क्षार भरपूर होते. पालेभाजीस खतासकट १.२ ते १.८ एवढीच वाहकता मानवते. तेव्हां अशा पाण्यांत अन्नासाठीं जागाच थोडी उरते. उत्तम पाणी म्हणजे छपरावरून सांठविलेलें पावसाचें. तें पुरेसें नसेल तर विहिरीच्या पाण्यांत निम्मेंनिम्म मिसळावें.

अन्नद्रव्यें ठिबकासाठीं दुकानांत मिळणाऱ्या विद्राव्य खतांतूनच घेतां येतात. दोन बाटल्या कराव्या. पहिल्या बाटलींत १ लिटर पाण्यांत कॅल्शियम नायट्रेट १२० ग्रॅम. दुसरींत १ लिटर पाण्यांत १३:०:४५ हें खत ६० ग्रॅम, ०:५२:३४ हें ३० ग्रॅम, व मॅग्नेशियम सल्फेट ८० ग्रॅम. पेटींतील प्रत्येक लिटर पाण्यास दोन्ही बाटल्यांतून ५-५ मिलिलिटर घालावें. आमच्या ४० लिटरांच्या पेटीस २००-२०० मिलिलिटर लागलें. पावसाच्या पाण्यांत एवढ्यानें वाहकता सुमारें १.५ येते. पाणी जड असेल तर मात्रा कमी करून मापकानें पाहावें. याखेरीज लोह, मंगल, जस्त, तांबें, बोरॉन व मॉलिब्डेनम हीं सूक्ष्म द्रव्यें चिलेट स्वरूपांत, वेष्टणावरील प्रमाणानें घालावीं. दोन्ही बाटल्यांतील घट्ट द्रावणें एकमेकांत कदापि मिसळूं नयेत. चुना व सल्फेट, तसेंच चुना व स्फुरद एकत्र येऊन खालीं पांढरा गाळ बसतो, आणि तो मुळांच्या उपयोगाचा राहत नाहीं. एक द्रावण पेटींतील पाण्यांत नीट ढवळल्यावरच दुसरें घालावें.

पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान असावा. आमच्याकडील विहिरींचें पाणी विम्लतेकडे झुकतें. तें उतरविण्यास ठिबकाच्या नळ्या धुण्यासाठीं मिळणारें फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानें वापरावें. हातमोजे व चष्मा घालूनच हें काम करावें, आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कधींही ओतूं नये, आणि बाटली मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये.

पहिली खेप : तीन चुका

कार्तिकांत दोन्ही पेट्या भरल्या. पहिली चूक आमची स्वतःची. घरांत ठिबकासाठीं आणलेलें १९:१९:१९ पडून होतें. नवीं खतें कशाला आणावीं, असा विचार करून एका पेटींत आम्हीं तेंच घातलें. पुतण्यानें दुसऱ्या पेटींत वरील दोन बाटल्यांचें द्रावण घातलें. पंधरवड्यांत भेद दिसूं लागला. आमच्या पेटींतील रोपें खुजीं व फिकीं राहिलीं, कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. कारण उघड आहे. त्या खतांतील नत्राचा निम्म्याहून अधिक भाग युरियाच्या रूपांत असतो, आणि युरियाचें नायट्रेट करणारे मातींतील जीव पेटीच्या पाण्यांत पुरेसे नसतात. शिवाय त्यांत चुना व मॅग्नेशियम मुळींच नाहीं. शेतांत हीं द्रव्यें माती पुरविते, म्हणून तेंच खत तेथें गुणकारी ठरतें. खत वाईट नव्हतें. त्याचा अर्धा भागीदार आम्हीं काढून घेतला होता.

दुसरी चूक पाण्याची. दोन्ही पेट्या विहिरीच्या पाण्यावर भरल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यांत पुतण्याच्या पेटींतील नवीं पानें पिवळीं पडूं लागलीं, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. चुनखडीच्या रानांत ऊंस केवडा पडतो तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें लक्षण ओळखूं येईल. सामू पाहिला तों ७.५ च्या वर. पाण्यांत लोह होतें, पण तें झाडास घेतां येत नव्हतें. आम्ल घालून सामू उतरविला व लोहाची मात्रा पुनः दिली, तेव्हां आठवड्यांत नवीं पानें हिरवीं निघालीं.

तिसरी गोष्ट घडली तिला चूक म्हणावी कीं माया, हें वाचकांनींच ठरवावें. चौथ्या आठवड्यांत पुतण्या कामानिमित्त तीन दिवस सांगोल्यास गेला. पेटींतील पाणी निम्म्यावर आलें होतें, आणि तें तसेंच यावयास हवें होतें. आमच्या मातोश्री ऐंशी वर्षांच्या आहेत. उभ्या आयुष्यांत तहानलेलें झाड पाहून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. झांकण उचलून त्यांनीं पाहिलें, आणि नातवाचीं रोपें कोरडीं पडलीं असें समजून तीन संध्याकाळीं तांब्यातांब्यानें पेटी कांठोकांठ भरली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं सहाही रोपें मान टाकून पडलीं. मुळें काढून पाहिलीं तों तपकिरी व बुळबुळीत झालेलीं. पोकळींत हवेवर वाढलेलीं मुळें एकाएकीं पाण्याखालीं गेलीं आणि गुदमरलीं.

मुलाचा चेहरा उतरला, पण तो आजीला कांहीं बोलला नाहीं. मातोश्री बराच वेळ त्या रोपांकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या माहेरीं कालव्याखालचें रान चिबडलें, तेव्हां ऊंस असाच पाण्यांत उभा राहून वाळला होता. मला कळायला हवें होतें रे बाळा." पुस्तकाच्या चार पानांनीं आम्हांस जें नीट उमगलें नव्हतें तें या एका वाक्यानें उमगलें. चिबड जमिनींत पीक पाणी कमी पडून मरत नाहीं. हवा कमी पडून मरतें. पेटीचेंही तेंच.

दुसरी खेप

मार्गशीर्षांत एक पेटी नव्यानें भरली. या खेपेस परतीच्या पावसाचें सांठविलेलें पाणी व विहिरीचें पाणी निम्मेंनिम्म घेतलें. झांकणावर मातोश्रींच्याच सांगण्यावरून खडूनें लिहिलें, "पाणी घालूं नये." पुतण्यानें पेटीच्या कडेस एक काठी उभी करून दर चार दिवसांनीं पातळीची खूण केली. पहिले दोन आठवडे पातळी जेमतेम हलली. पुढें रोपें मोठीं होतांच ती भराभर उतरूं लागली. सहाव्या आठवड्यांत लेट्यूसचे तीन कांदे भरून आले, व पालकाचा पहिला कापा मिळाला. पालकाचा दुसरा कापा घ्यावयाचा तर पाणी पुनः घालावें लागतें. पण तें अर्ध्या मात्रेच्या द्रावणाचें, आणि पेटीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. वरचीं मुळें बुडूं देऊं नयेत. पेटींत उरलेलें द्रावण विहिरींत वा ओढ्यांत न सोडतां केळीच्या आळ्यांत ओतावें.

फाल्गुन उजाडतांच मर्यादाही कळली. दुपारीं पेटींतील पाणी ३० अंशांच्या वर जाऊं लागलें. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो. ३० अंशांवर तो साडेसातापर्यंत उतरतो, आणि त्याच वेळीं मुळांची गरज मात्र वाढते. अशा पाण्यांत मूळकूज झपाट्यानें पसरते. ओलें गोणपाट गुंडाळून आठ दिवस निभावले, मग पेटी आंवरती घेतली. आमच्यासारख्या उष्ण भागांत घरच्या पेटीचा हंगाम कार्तिक ते माघ हाच समजावा.

हिशेब

पाण्याची बचत खरी आहे काय? होय, खरी आहे. ४० लिटरांची पेटी भरून सहा झाडांचें पीक निघालें, आणि त्यांतलें पाणी जमिनींत मुरलें नाहीं कीं उघड्यावर उडून गेलें नाहीं. अमेरिकेंतील अॅरिझोना येथील लेट्यूसच्या पिकाचा एक तुलनात्मक अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शेतांतील एक किलो पिकास सुमारें २५० लिटर पाणी, तर यंत्रसज्ज गृहांतील पाण्यावरच्या पिकास सुमारें २० लिटर, असें गणित मांडलें आहे. त्याच अभ्यासांत दुसरें गणितही आहे. शेतांतील एक किलोस लागणारी ऊर्जा सुमारें १,१०० किलोज्यूल, आणि गृहांतील किलोस सुमारें ९०,०००. म्हणजे पाणी बारा पटींनीं वांचलें, पण ऊर्जा ऐंशी पटींनीं खर्च झाली; तीही मुख्यतः गृह थंड व उष्ण राखण्यांत. विक्रेत्याच्या कागदांत पहिलें गणित ठळक होतें. दुसरें आम्हांस कोठें आढळलें नाहीं.

आमच्या पेटींस वीज लागली नाहीं, परंतु ती हंगामी आहे व घरापुरती आहे. बारमाही करावयाची तर थंडावा हवा, थंडाव्यास वीज हवी, आणि वीज गेल्यास पर्याय हवा. शिवाय लेट्यूसला गिऱ्हाईक शहरांत. आमच्या आठवड्याच्या बाजारांत तें विचारणाराही कोणी नाहीं. आणि ज्वारी, तूर, बाजरी हीं भाकरीचीं पिकें पेटींत परवडण्यासारखीं नाहींत.

हा हिशेब आम्हीं मांडला नाहीं. पुतण्यानेंच एके रात्रीं वहींत मांडून आम्हांस दाखविला. "काका, तीन दिवस मी घरीं नव्हतों तर पेटी गेली. दहा गुंठ्यांत तीन तास वीज नसली तर काय जाईल?" असें तो म्हणाला. कर्जाचा कागद त्यानें फाडला नाहीं. कपाटांत ठेवला आहे. यंदा छपराचें पाणी सांठविण्यास टाकी बांधावी, पुढील कार्तिकांत सहा पेट्या चालवाव्या, व तालुक्याच्या गांवीं कायमचें गिऱ्हाईक मिळतें काय तें पाहावें, असें ठरलें. विहिरीजवळच्या दोन एकरांवर बोजा चढला नाहीं. पुढें कधीं चढणार नाहीं अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु चढला तर तो डोळे उघडे ठेवून चढेल. शहरालगत ज्यांची जमीन आहे, ज्यांस खात्रीची वीज व खात्रीचा ग्राहक आहे, त्यांचा हिशेब निराळा येऊं शकेल.

जमीनधारकास यांत काय मिळालें

एक लाभ आमच्या ध्यानीं आला तो अपेक्षेबाहेरचा. पेटी चालविल्यापासून पुतण्या शेताकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागला आहे. चैत्रांत त्यानें प्रथमच मातीची व विहिरीच्या पाण्याची परीक्षा करून घेतली. पिवळें पान दिसलें कीं युरियाचें पोतें फोडण्याआधीं तो नवें पान पिवळें कीं जुनें, हें पाहतो. कारण लोहाची उणीव नव्या पानांवर दिसते, नत्राची जुन्या पानांवर. खालच्या वावरांत पाणी साचतें तेथें चर काढण्याचें काम आम्ही दहा वर्षें लांबणीवर टाकीत होतों. तें त्यानें पेटीचीं कुजलेलीं मुळें आठवून या उन्हाळ्यांत पुरें केलें.

यास्तव सभासदांस आमचें सांगणें असें : माती सोडण्यासाठीं नव्हे, तर माती काय करीत होती हें समजण्यासाठीं एक पेटी अवश्य चालवावी. उन्हाळ्यापूर्वींची घरची पालेभाजी तींतून मिळेल. ज्यांस पुढें जावयाचें असेल त्यांनीं एक पूर्ण हंगाम पाण्याची पातळी, सामू, वाहकता व दुपारचें तापमान यांची नोंद ठेवावी, आणि ती वही हातीं असल्यावांचून कोणत्याही कागदावर सही करूं नये. कार्तिक अद्याप दूर आहे. छपराचें पाणी धरण्याची सोय मात्र मृगापूर्वींच केली पाहिजे.